अमोनिया प्लँटमधला बॅक प्रेशर रेग्युलेटर: खोलणं, साफ करणं आणि पुन्हा बसवणं

चिल रूम 2 अंशांवर, शेजारचं कोल्ड स्टोअर उणे 20 वर आणि दोन्हींचं सक्शन (गॅस कॉम्प्रेसरकडे नेणारी लाइन) एकाच हेडरला, म्हणजे सामायिक मोठ्या पाइपाला, जोडलेलं. मुंबईजवळच्या तळोज्यासारख्या ठिकाणच्या मासळी कारखान्यांत ही मांडणी नवी नाही. हेडर अमोनिया उणे 28 अंशांना उकळेल अशा दाबावर चालतो, म्हणजे गेजवर साधारण 0.3 बार. चिल रूमच्या कूलरमध्ये मात्र अमोनिया उणे 5 वरच उकळायला हवा, म्हणजे 2.5 बार, जवळपास 37 पीएसआय. हा फरक राखतो तो कूलर आणि हेडर यांच्यामध्ये बसवलेला बॅक प्रेशर रेग्युलेटर. तो उघडा अडकला तर कॉइलवर बर्फ चढतो आणि ताजी मासळी गोठू लागते. बंद अडकला तर खोली तापते.

हा व्हॉल्व्ह झिजून क्वचितच बिघडतो. बहुतेक वेळा बिघाड घाणीचा असतो: वेल्डिंगची खपली, पाइपातला गंज, थंडीत घट्ट झालेलं तेल. नुसतं रिपेअर किट घालून बोनेट (व्हॉल्व्हचं वरचं झाकण) आवळलं की दुरुस्ती अर्धीच झाली. घाण कुठून आली ते शोधलं नाही तर तीच तक्रार परत येते.

इथे लिहिलेली पद्धत पायलटवर (मोठा व्हॉल्व्ह चालवणाऱ्या आतल्या छोट्या व्हॉल्व्हवर) चालणाऱ्या, पिस्टनच्या व्हॉल्व्हची आहे. कूलरकडचा गॅस एका बारीक वाटेने डायफ्रॅमखाली येतो. त्याचा दाब वरच्या स्प्रिंगपेक्षा जास्त झाला की डायफ्रॅम उचलतो, पायलटची सीट उघडते, गॅस पिस्टनच्या डोक्यावर जातो आणि पिस्टन मेन सीट उघडतो. पिस्टनवरचा गॅस एका छोट्या ब्लीडच्या भोकातून सक्शनकडे सतत निसटत असतो. म्हणून पायलट बंद झाला की खालची स्प्रिंग मेन सीट मिटवते. एवढं डोक्यात पक्कं असेल तर निम्मे दोष व्हॉल्व्ह न खोलता कळतात.

खोलण्याआधी

आधी गेज तपासा. खात्रीचं दुसरं गेज लावून बघितल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. मग हाताने उघडायचा स्टेम ऑटोवरच आहे ना ते बघा. डिफ्रॉस्टनंतर (कूलरवरचा बर्फ वितळवल्यावर) तो अर्धवट उघडा राहिलेला असतो आणि दोष व्हॉल्व्हच्या माथी जातो. शेवटी व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक बघा. पिस्टन पूर्ण उघडायला मेकनुसार साधारण 0.15 ते 0.2 बार फरक लागतो. तेवढाही मिळत नसेल तर व्हॉल्व्ह गरजेपेक्षा मोठा बसवलेला आहे, आणि तो खोलून काही साधणार नाही.

कूलरचा दाब सेटिंगच्या खाली जात असेल तर संशय पायलटच्या सीटवरच्या कचऱ्यावर, तुंबलेल्या ब्लीडवर, अडकलेल्या पिस्टनवर किंवा चरा पडलेल्या मेन सीटवर घ्यावा. दाब वर चढून उतरतच नसेल तर गाळणी, पायलटची वाट आणि घासून सैल झालेला पिस्टन बघावा. पिस्टन सैल असला की वरचा गॅस बाजूने निसटतो आणि व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही. सुई सतत खालीवर नाचत असेल तर ब्लीड अर्धवट तुंबलंय किंवा व्हॉल्व्ह फार मोठा आहे.

गॅस काढणं

हे काम एकट्याने करायचं नाही. वर्क परमिट, फुल फेस मास्क, अमोनियाला चालणारे हातमोजे आणि हाताच्या अंतरावर वाहतं पाणी हवं. हवेत 300 पीपीएम (दहा लाख भागांत 300) अमोनिया जिवाला धोकादायक मानला जातो, आणि 15 टक्क्यांच्या पुढे तो पेटतोही. डोळ्यात गेला तर निदान 15 मिनिटं सलग पाण्याने धुवायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा.

आधी लिक्विड लाइन आणि हॉट गॅस लाइन (डिफ्रॉस्टसाठी गरम गॅस आणणारी) दोन्ही बंद करा. हॉट गॅस हमखास विसरतो, आणि अपघात तिथूनच होतो. कूलरचे पंखे चालू ठेवा म्हणजे उरलेला लिक्विड उकळून निघून जाईल. रेग्युलेटर हाताने उघडून दाब हेडरच्या पातळीला येऊ द्या. मग इनलेटचा स्टॉप व्हॉल्व्ह आणि त्यानंतर आउटलेटचा बंद करा, दोन्हींना कुलूप आणि टॅग लावा. दोन बंद व्हॉल्व्हमध्ये लिक्विड कोंडलं आणि तापलं तर त्याला फुगायला जागा नसते. पाइप फुटतो. म्हणून पंप-आउटची, म्हणजे आतला अमोनिया उकळून काढून घेण्याची, घाई नको.

आता 15-20 मिनिटं गेज बघत थांबा. सुई चढायला लागली तर कुठला तरी स्टॉप व्हॉल्व्ह पास होतोय, म्हणजे बंद असूनही गॅस सोडतोय, आणि काम तिथेच थांबवायचं. सुई स्थिर असेल तर उरलेला गॅस होजने पाण्याच्या पिंपात सोडा, अमोनियाच्या किलोमागे 8-10 लिटर पाणी धरून. अमोनिया पाण्यात इतक्या झपाट्याने विरघळतो की गॅस कमी झाला की पाणी उलटं होजमध्ये चढतं. होजवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा आणि माणूस समोर उभा हवा. पिंपातलं पाणी गटारात सोडायचं नाही, ते कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रियेकडे जातं. ब्लास्ट फ्रीझरचं सक्शन व्हॅक्यूममध्ये चालत असेल तर उघडण्याआधी तो भाग कोरड्या नायट्रोजनने शून्यावर आणा, नाहीतर बाहेरची हवा आत ओढली जाते.

आणि ही हवा मुंबईची आहे. जूनच्या सुरुवातीला यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते, प्लँटवरचा भार उतरतो आणि दुरुस्त्या नेमक्या पावसाळ्यात येतात. तेव्हा हवेचा दवबिंदू 25 अंशांच्या आसपास असतो. गार बॉडी उघडली तर सीटवर, पिस्टनवर दोन मिनिटांत पाणी सुटतं, पाठोपाठ गंज येतो. बॉडी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, वाटल्यास गरम पाण्याची फडकी गुंडाळा. ज्योत कधीही नको. वरचा बर्फ वितळून बाहेरून पुसून कोरडा केल्याशिवाय बोल्टला हात लावू नका.

खोलणं

ॲडजस्टिंग स्टेमची उंची मोजून लिहून ठेवा, मग तो पूर्ण बाहेर फिरवून स्प्रिंग सैल करा. बोनेटचे बोल्ट एकदम काढू नका. सगळे दोन-दोन आटे सैल करा, समोरासमोरचे दोन तसेच ठेवा आणि बोनेट हलवून गॅस्केट सुटू द्या. आत काही दाब उरला असेल तर तो इथे कळतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत बोल्ट गंजून धरतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर तुटत नाहीत.

सुटे भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने स्वच्छ कापडावर मांडा आणि फोटो काढा. पिस्टन बोटाने ढकलला की स्वतःच्या वजनाने सरकायला हवा. अडकत असेल तर 600 नंबरच्या पॉलिश पेपरने तेलात, गोल फिरवत हलकं घासा. मेन सीटवर टेफ्लॉनची चकती असेल तर ती घासायची नसते, बदलायची. स्टीलच्या सीटवर नखाला लागेल असा चरा असेल तरच काचेवर बारीक पेस्ट लावून लॅप करा, म्हणजे घासून सपाट करा. ब्लीडचं भोक तारेने किंवा ड्रिलने साफ करू नका. ते जरा जरी मोठं झालं तर पिस्टनवर दाब टिकत नाही आणि पिस्टन बाद होतो. सॉल्व्हंटमध्ये बुडवून नायट्रोजन फुंका. डायफ्रॅमवर सुरकुती किंवा खड्डा दिसला तर नवा घाला.

गाळणी इथेच काढून बघा. बहुतेक ठिकाणी 60 मेशची असते. लाल भुकटी निघाली तर ओलावा आत आलाय, काळी कडक खपली निघाली तर नुकतंच कुठेतरी वेल्डिंग झालंय, चिकट गाळ निघाला तर कूलरचं तेल वेळेवर काढलं जात नाही. पुढची दुरुस्ती कुठे करायची ते ही गाळणी सांगते.

पुन्हा बसवणं

ओ-रिंगा निओप्रीनच्या वापरा. व्हायटॉन अमोनियात फुगतं आणि खराब होतं. तांबं-पितळेचा वॉशर चुकूनही नको, ओलाव्यासोबत अमोनिया ते खाऊन टाकतो. सगळे भाग कॉम्प्रेसरच्याच तेलात बुडवून बसवा, ग्रीस नको.

बोनेटच्या गॅस्केटला बोल्टच्या भोकांखेरीज एक छोटं भोक असतं. ते बॉडीतल्या पायलटच्या वाटेवर नेमकं यायला हवं. गॅस्केट अर्धा फेरा फिरलं तरी बोल्ट सगळे बसतात, बाहेरून सगळं ठीक दिसतं, पण पायलटला गॅसच मिळत नाही आणि व्हॉल्व्ह उघडत नाही. म्हणून बोनेट ठेवण्याआधी वाटेच्या तोंडात बारीक काडी उभी करून गॅस्केट त्यावरून ओवा, मग काडी काढा. जुन्या गॅस्केटचे कपटे त्या वाटेत गेले नाहीत ना, हेही तेव्हाच दिसतं. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने तीन फेऱ्यांत आवळा, टॉर्क मेकच्या पत्रकाप्रमाणे. बॉडीवरचा बाण कूलरकडून कॉम्प्रेसरकडे बघत असला पाहिजे.

दाबाची चाचणी कोरड्या नायट्रोजनने आणि साबणाच्या पाण्याने करा. ऑक्सिजन कदापि नाही. नंतर व्हॅक्यूम करून हवा काढा. मग थोडा अमोनिया सोडून सांध्यांवरून ओला लाल लिटमस फिरवा, निळा झाला की गळती आहे.

सेटिंगला ॲडजस्टिंग स्टेम पूर्ण बाहेर ठेवून सुरुवात करा. व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि कूलरचा दाब खाली येतो. मग पाव-पाव फेरा आत घ्या, दर पाव फेऱ्यानंतर काही मिनिटं थांबा. दाब 2.5 बारला आला की लॉकनट आवळा आणि पुन्हा गेज बघा, कारण नट आवळताना स्टेम जरासा फिरतो. डिफ्रॉस्टची एक पूर्ण फेरी होऊ द्या, त्यानंतरही आकडा तोच राहिला तर सील लावा. आठवड्याने गाळणी पुन्हा उघडा. दुरुस्तीत सुटलेली खपली आणि भुकटी तोवर तिथे येऊन बसलेली असते.