कोकणात राहून फायनान्सची ऑनलाइन मास्टर्स: हंगाम सांभाळून अभ्यास कसा करावा

एमबीए फायनान्स घ्या नाहीतर फायनान्स घेऊन एम.कॉम. करा, त्यातलं गणित बारावीच्या पलीकडे फारसं जात नाही. कोकणात गाडी अडते ती कॅलेंडरवर. आंबा, पाऊस, गणपती आणि शिमगा विद्यापीठाचं वेळापत्रक बघून येत नाहीत, त्यामुळे जुळवून तुम्हालाच घ्यावं लागतं.

पैसे भरण्याआधी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर मान्यताप्राप्त ऑनलाइन अभ्यासक्रमांची यादी असते. तिथे विद्यापीठाचं नाव सापडलं म्हणून थांबू नका. तुमचा अभ्यासक्रम आणि तुमचं प्रवेशसत्र दोन्ही यादीत असायला हवेत. 2020 च्या नियमांनुसार अशी मान्य पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. ऑनलाइन पदवी फ्रँचायझीमार्फत देणं मात्र त्याच नियमांत बसत नाही. तेव्हा तालुक्याच्या बाजारपेठेत कुणी ‘आमच्या सेंटरमधून ॲडमिशन’ म्हणून रोख पैसे मागत असेल तर सरळ माघारी फिरा. फी विद्यापीठाच्याच पोर्टलवर भरायची.

प्रवेशासाठी डीईबी आयडी लागतो. त्याआधी डिजिलॉकरमधून एबीसी आयडी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे तुमचे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा क्रमांक) काढावा लागतो. अडचण येते ती नावाची: आधारवर सासरचं नाव, मार्कशीटवर माहेरचं, आणि फॉर्म पुढे सरकत नाही. नाव बदलल्याचं राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र निदान महिनाभर आधी काढून ठेवा.

तासांचा हिशोब

एका क्रेडिटला 30 तास अभ्यास हे इग्नूचं (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं) माप. चार क्रेडिटच्या विषयाला 120 तास, म्हणजे चार विषयांना 480. सहामाहीत हाताशी 24 आठवडे धरले तर आठवड्याला 20 तास होतात. नोकरी सांभाळून हे जड आहे, पण जमतं.

घरची आंब्याची बाग असेल तर हेच गणित कोसळतं. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. मार्चच्या मध्यापासून मे संपेपर्यंत काढणी, पेट्या भरणं, गाड्या लावणं चालू असतं. या 11 आठवड्यांत आठवड्याला आठ तासांवर अभ्यास होत नाही, म्हणजे झाले 88. उरलेले 392 तास 13 आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला 30 तास लागतील. नाही जमणार. जूनला दोनच विषय ठेवा: 240 तासांतून 88 गेले, उरलेल्या 152 साठी आठवड्याला बारा तास पुरतात. बाकीचे विषय डिसेंबरला. इग्नूची दोन वर्षांची एमबीए पूर्ण करायला चार वर्षांपर्यंत मुदत मिळते, ती अशाच माणसासाठी आहे असं समजा. दुसरीकडे प्रवेश घेत असाल तर विषय पुढे ढकलता येतात का, हे आधी विचारून घ्या. डिसेंबरची असाइनमेंट गणपतीआधी हातावेगळी करा. चाकरमानी घरात आले की पडवीत लॅपटॉप उघडायची सोय राहत नाही.

लाईट आणि नेट

पावसाळ्यात लाईट जाते, आणि लॅपटॉपला बॅटरी असली तरी राउटरला नसते. त्याच्यासाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून त्याच मापाचा. गावातला टॉवर किंवा फायबरचा डबाच बंद पडला तर घरचा यूपीएस काय करणार? म्हणून दुसरं सिम दुसऱ्या कंपनीचं हवं, आणि ते माजघरात चालतं की फक्त अंगणात, हे आधीच बघून ठेवायला हवं. लाइव्ह लेक्चरला तासाला साधारण अर्धा ते एक जीबी डेटा जातो. रेकॉर्डिंग आणि पीडीएफ मे संपायच्या आत उतरवून ठेवा.

एक्सेल

लेक्चर बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, पेपरात हात चालत नाही. म्हणून प्रत्येक सूत्र आधी वहीत, मग एक्सेलमध्ये. एक उदाहरण पूर्ण करून बघू.

काजू प्रक्रियेच्या युनिटमध्ये आज 10 लाख रुपये घालायचे आहेत. पुढची पाच वर्षं प्रत्येक वर्षाअखेर 3 लाख हातात येतील. अपेक्षित परतावा 12 टक्के. पाच वर्षांचा वार्षिकी गुणक (पाच वर्षं दरवर्षाअखेर मिळणाऱ्या एक-एक रुपयाचं आजचं एकूण मूल्य) 3.604776, म्हणून येणाऱ्या पैशाचं आजचं मूल्य सुमारे 10,81,433 रुपये. त्यातून 10 लाख वजा केले की निव्वळ वर्तमान मूल्य (एनपीव्ही) 81,433.

आता एक्सेलमध्ये उणे 10 लाखासकट सहाही आकडे एनपीव्ही फंक्शनच्या कंसात टाका. उत्तर 72,708 येईल. चूक कुठे झाली? हे फंक्शन पहिला आकडा वर्षाअखेरचा धरतं, त्यामुळे आजचे 10 लाखही एक वर्ष मागे नेले जातात आणि सगळं उत्तर 1.12 ने भागलं जातं. कंसात फक्त पुढचे पाच आकडे घ्यायचे, आजची गुंतवणूक कंसाबाहेर वजा करायची. वहीतलं उत्तर समोर नसेल तर ही चूक दिसतच नाही, कारण दोन्ही आकडे सारखेच खरे वाटतात.

व्याजदराचंही तसंच. वार्षिक 12 टक्के दर महिन्याला चक्रवाढ झाला तर वर्षाचा खरा दर 12.68 टक्के होतो. रोखप्रवाह मासिक असतील तर दरही मासिक घ्यायचा.

प्रोजेक्ट

शेअर बाजारातल्या मोठ्या आयटी कंपनीवर प्रोजेक्ट करू नका, वर्गातले निम्मे तेच करतात. भांडवल रचना, म्हणजे कर्ज किती आणि मालकांचा पैसा किती, हे शिकायला कोकण रेल्वे दारातच आहे. 1990 मध्ये महामंडळ निघालं तेव्हा भागभांडवलात रेल्वे मंत्रालय 51, महाराष्ट्र 22, कर्नाटक 15, गोवा 6 आणि केरळ 6 टक्के अशी वाटणी होती, आणि मार्गासाठी बराच पैसा रोख्यांतून उभा केला गेला. वार्षिक अहवालातून निदान पाच वर्षांचे आकडे उतरवा. कर्ज-भांडवल गुणोत्तर आणि व्याज भागवण्याची क्षमता काढा. ताळेबंदाखालच्या टिपा वाचल्याशिवाय कर्जाची बेरीज करू नका, एरवी वर्षभरात फेडायचा हप्ता चालू देण्यांमध्ये राहून जातो.

परीक्षा

घरून देखरेखीखाली परीक्षा असेल तर मॉक टेस्ट जिथून पेपर देणार त्याच खोलीत, त्याच वेळेला, त्याच नेटवर द्या. हॉटस्पॉट चालतो का, मध्येच नेट तुटलं तर किती मिनिटांत परत यायचं, हे नियमपत्रिकेत शोधून कागदावर लिहा. पेपर जूनमध्ये असेल तर आदल्या संध्याकाळीच रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ अशा ठिकाणी कुणा नातेवाइकाकडे मुक्कामाला जा. केंद्रावर परीक्षा असली तरी तेच. पहिल्या एसटीच्या भरवशावर राहू नका.