नो मॅन्स स्काय या गेमच्या कथेवर थिअरी मांडायचीये? आधी हे करा

आधी एलियन भाषांचे शब्द शिका, ते शिकवणारा दगड म्हणजे नॉलेज स्टोन दिसला की थांबायचंच, कारण एलियनचं बोलणं अर्धवट कळलं की माणूस वाट्टेल ते जोडत सुटतो. मग पडीक इमारतींमधल्या कॉम्प्युटर टर्मिनलवरच्या नोंदी वाचा, खरा माल तिथेच आहे, स्क्रीनशॉट काढून ठेवा म्हणजे विरार लोकलमध्ये बसायला मिळालं तर निवांत वाचता येतात. आता ॲटलसचं, म्हणजे गेममधलं जग चालवणाऱ्या यंत्राचं बघा, ते जग सिम्युलेशन आहे आणि ॲटलस बंद पडायला १६ मिनिटं उरलीयेत हे गेमच सांगतो, ती थिअरी नाही. पण ती मिनिटं आपल्या घड्याळाची की ॲटलसच्या, इथून थिअरी सुरू होते आणि मला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो! गेक ही एलियन जमात आज व्यापारी, पण त्यांच्या पूर्वजांनी कोर्वॅक्स या दुसऱ्या जमातीला गुलाम केलेलं, तेही वाचूनच बोला. आणि वर स्पॉइलर लिहा प्लीज.