न जुळणारे आकडे: एम.एस्सी. भौतिकशास्त्राला येणाऱ्यांसाठी

तालुक्याच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. होऊन मी पुण्याच्या विद्यापीठात एम.एस्सी. भौतिकशास्त्रासाठी आलो, तेव्हा मला गणिताची धास्ती होती आणि प्रात्यक्षिकांची मुळीच काळजी नव्हती. पहिल्याच सत्रात हे दोन्ही अंदाज उलटे ठरले. गणित रोज बसून केले की हळूहळू हाताला येते. प्रयोगशाळेत मात्र पदवीच्या तीन वर्षांत आपण नेमके काय केले, याचा हिशेब द्यावा लागतो. प्रवेशाच्या दिवसांत गावाकडची मुले फोन करून ‘काय वाचून येऊ’ असे विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

पदवीच्या काळात आम्हा मुलांमध्ये एक रीत पडून गेली होती. न्यूटनच्या वलयांच्या, म्हणजे भिंग आणि काच यांच्यामधल्या फटीत दिसणाऱ्या प्रकाशाच्या गोल पट्ट्यांच्या, प्रयोगात सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९३ अँगस्ट्रॉम यायला हवी, हे सर्वांना आधीच ठाऊक असे. उत्तर ५४०० च्या आसपास आले, की मागच्या वर्षीचे एखादे जर्नल समोर ठेवून वलयांचे व्यास थोडे मागेपुढे केले जात. सही मिळे, गुणही मिळत. उत्तर का चुकले, हा प्रश्न त्यामुळे कधी उभाच राहिला नाही. खरे तर कारण बहुधा साधे असते: सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू कधी डावीकडे, कधी उजवीकडे फिरवला, की त्याच्या आट्यांमधला ढिलेपणा प्रत्येक व्यासात मिसळतो. म्हणून एका बाजूच्या शेवटच्या वलयापासून निघून दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या वलयापर्यंत स्क्रू एकाच दिशेने फिरवत जायचे असते. हे मला एम.एस्सी.ला आल्यावर कळले.

या सवयीची किंमत मला हॉल परिणामाच्या प्रयोगात मोजावी लागली. जर्मेनियमच्या पातळ स्फटिकातून काही मिलिअँपिअर प्रवाह सोडायचा, तो स्फटिक विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये धरायचा आणि आडव्या दिशेने निर्माण होणारे विभवांतर मिलिव्होल्टमध्ये मोजायचे, एवढेच काम होते. चुंबक सुरू करण्यापूर्वीच मीटरवर काही मिलिव्होल्ट दिसत होते. मी तो आकडा वहीत लिहिलाच नाही आणि आलेखावर शून्यातून निघणारी नेटकी सरळ रेषा काढून दिली. तोंडी परीक्षेत मॅडमनी विचारले, “चुंबक बंद असताना मीटर काय दाखवत होता?” मी शून्य म्हणालो. त्यांनी मला पुन्हा टेबलापाशी नेले, मीटर सुरू करायला सांगितला आणि काही न बोलता बाजूला उभ्या राहिल्या.

विभवांतर मोजणारी दोन टोके स्फटिकावर एकमेकांच्या अगदी समोरासमोर कधीच नसतात, त्यामुळे प्रवाहाच्या दिशेने होणाऱ्या विभवातील घटीचा थोडा भाग त्यांच्यात शिरतो. चुंबकीय क्षेत्राची दिशा उलटी केली, की हॉल विभवांतराचे चिन्ह बदलते, हा उपरा भाग मात्र तसाच राहतो. दोन मापांच्या फरकाची निम्मी किंमत घेतली की तो आपोआप निघून जातो. मी लपवलेल्या आकड्यातच हा सगळा धडा होता. तेव्हापासून मी शिवलेल्या वहीत पेनाने लिहितो, चुकलेले खोडरबराने न पुसता त्यावर एक रेघ मारतो आणि आलेख घरी न नेता प्रयोग चालू असतानाच काढतो, कारण वाट सोडून गेलेला बिंदू तेव्हाच पुन्हा मोजता येतो.

आता वाचण्याविषयी. येण्यापूर्वी सगळे काही थोडे थोडे वाचण्यापेक्षा एकमितीय आवर्ती दोलक (स्प्रिंगला लावलेल्या वजनासारखा एका रेषेत मागेपुढे हलणारा) पूर्णपणे हातखंडा करून यावे, असे माझे मत आहे. तोच दोलक अभिजात यामिकीत, पुंजयामिकीत, सांख्यिकीय यामिकीत आणि स्फटिकांच्या कंपनांत पुन्हा पुन्हा भेटतो. त्याच्या जोडीला सारणींची (मॅट्रिक्सची) आयगेन मूल्ये आणि फूरिए श्रेणी कागदावर, पुस्तक मिटून, काढता आली पाहिजेत. उत्तर वाचून ‘समजले’ वाटणे आणि कोऱ्या कागदावर ते काढता येणे यांत फार अंतर आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्यांना सुरुवातीला वर्गात बोलायचा संकोच वाटतो. मी कित्येक महिने मनात ‘संवेग’ म्हणून मग ‘मोमेंटम’ उच्चारत असे. त्याने माझे काही बिघडले नाही.

विद्यापीठाच्या आवारातच १९८८ साली स्थापन झालेले आयुका हे खगोलशास्त्राचे संशोधन केंद्र आहे, आणि तिथे पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे दाखवणारा फुको लंबक आहे. पुण्याच्या सुमारे १८.५ अंश अक्षांशावर लंबकाचे आंदोलन-प्रतल तासाला जेमतेम पावणेपाच अंशांनी फिरते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ७५ तास लागतात. कोरिऑलिस बलाचा पाठ झाला की हा हिशेब स्वतः करून पाहावा. जवळच्या संस्थांमधली खुली व्याख्याने चुकवू नयेत. पहिली काही अजिबात कळणार नाहीत.

परीक्षांविषयी थोडक्यात. पदवीनंतर आयआयटीत किंवा तत्सम संस्थांत जायचे असेल, तर ‘जॅम’ ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा साधारणपणे फेब्रुवारीत होते. पुढे संशोधनासाठी ‘सीएसआयआर नेट’ ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा लागते. तिच्या भौतिक विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत तीन भाग मिळून ७५ प्रश्नांपैकी ५५ सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो, त्यामुळे कोणता प्रश्न सोडायचा हे ठरवण्याचाही सराव लागतो. तिच्यातून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. घरी ‘पुढे काय’ असे विचारणाऱ्यांना हा आकडा लवकर पटतो. महाविद्यालयात शिकवायचे असेल, तर महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची ‘सेट’ ही राज्य पात्रता परीक्षा हाही मार्ग आहे. संशोधनात न गेलेले माझे काही वर्गमित्र संगणक-प्रणालींच्या कामात आहेत, आणि पहिल्या सत्रापासून पायथॉन ही संगणकाची भाषा शिकायला हवे होते, असे त्यांच्यापैकी प्रत्येक जण म्हणतो. ती भाषा शिकायला चांगला संगणक लागत नाही. मी विभागातल्या संगणकावर, संध्याकाळी प्रयोगशाळा सुटल्यानंतरच्या वेळात शिकलो, आणि पहिला प्रोग्रॅम लिहिला तो त्याच हॉल परिणामाच्या आकड्यांचा आलेख काढण्यासाठी.