वारंवार आजारी पडणाऱ्या लहानग्याच्या प्रतिकारशक्तीच्या तपासण्यांआधीची तयारी

पहिली तयारी वहीची. डॉक्टरांनी प्रतिकारशक्तीच्या तपासण्यांचा विषय काढला की घरातल्यांचे लक्ष लगेच रक्ताच्या नळ्यांकडे जाते. परंतु कोणती तपासणी मागवायची हे डॉक्टर मुलाच्या आजारांच्या इतिहासावरून ठरवतात, आणि तो इतिहास आपल्याला वाटतो तितका स्पष्ट आठवत नसतो. आमच्या मुलाच्या वेळी पहिल्या भेटीत ‘तो सतत आजारी असतो’ यापलीकडे मला काही सांगता आले नाही. वर्षभरात ताप किती वेळा आला, कानातून पू आला होता की नुसता कान दुखत होता, न्यूमोनिया एक्स-रेवर दिसला होता की केवळ छाती तपासून तसे म्हटले होते, यांपैकी एकाही प्रश्नाचे खात्रीचे उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि ती भेट जवळजवळ वाया गेली.

म्हणून भेटीच्या आधी गेल्या निदान एका वर्षाचा हिशेब कागदावर उतरवावा. प्रत्येक आजारपणासाठी सुरू झाल्याची तारीख, थर्मामीटरवर मोजलेला सर्वांत जास्त ताप, आजार शरीराच्या कोणत्या भागात होता, निदान कशावरून झाले, अँटिबायोटिकचे नाव, मात्रा आणि दिवस, आणि औषध सुरू केल्यावर किती दिवसांनी ताप उतरला, एवढ्या गोष्टी लिहाव्यात. सगळे आठवणार नाही; तेव्हा जुनी प्रिस्क्रिप्शन, औषधांची बिले, फोनमधील तारखेसह असलेले फोटो, पाळणाघरातील गैरहजेरी आणि घरातल्यांना पाठवलेले संदेश यांवरून बराचसा इतिहास पुन्हा जुळवता येतो. पुरळ, सुजलेल्या गाठी किंवा गळू यांचे फोटो असतील तर ते वेगळे काढून ठेवावेत, कारण तपासणीच्या दिवशी त्यांतले काहीच अंगावर दिसत नसते.

या नोंदींमध्ये एक रकाना असा असावा, जो सहसा कोणी ठेवत नाही: दोन आजारपणांच्या मध्ये मूल किती दिवस पूर्ण बरे होते. माझ्या मते साऱ्या वहीत सर्वाधिक उपयोगाचा रकाना हाच आहे. एक ते तीन वर्षांच्या निरोगी मुलालाही वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होऊ शकतो, पाळणाघरात जाणाऱ्या किंवा शाळकरी भावंडे असलेल्या मुलांना दहा-बारा वेळाही होतो, आणि प्रत्येक वेळचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. साथीच्या महिन्यांत एक खोकला संपायच्या आत दुसरा सुरू होतो आणि मूल कायमच आजारी आहे असे वाटू लागते. मधल्या दिवसांत ते खात-खेळत असेल, वजन वाढत असेल आणि बहुतेक आजार विशेष औषधाशिवाय बरे होत असतील, तर त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की त्याचे शरीर विषाणूंशी प्रथमच ओळख करून घेत आहे. मध्ये बरे असे दिवसच नसतील, किंवा प्रत्येक आजार गंभीर वळण घेत असेल, तर ती बाब वेगळी. तारखा एखाद्या कॅलेंडरवर रंगवूनही पाहाव्यात. ताप ठरावीक अंतराने, म्हणजे दर तीन ते सहा आठवड्यांनी, काही दिवसांपुरता येत असेल आणि त्याबरोबर तोंडात फोड, घसादुखी किंवा मानेतील गाठी असतील, तर तो जंतुसंसर्ग नसून ठरावीक काळाने परतणाऱ्या तापाचा विकार असू शकतो, आणि ही गोष्ट रक्ताच्या अहवालापेक्षा कॅलेंडरवर लवकर दिसते.

वही पूर्ण झाली की पुढील बाबी तीत आढळतात का, हे लाल शाईने अधोरेखित करावे: वर्षात चार किंवा अधिक वेळा कानाचा संसर्ग, दोन किंवा अधिक वेळा न्यूमोनिया, सायनसचा गंभीर संसर्ग दोनदा, दोन महिने अँटिबायोटिक देऊनही फारसा फरक न पडणे, शिरेतून औषध दिल्याशिवाय संसर्ग न आटोपणे, त्वचेत किंवा अवयवांत पुन्हा पुन्हा खोल गळू होणे, तोंडात किंवा त्वचेवर न हटणारी बुरशी, रक्तात किंवा हाडात पसरलेला संसर्ग, वजन-उंची न वाढणे, आणि कुटुंबात प्रतिकारशक्तीचा जन्मजात विकार असणे. यांतील एखादी बाब आढळली म्हणजे विकार आहेच असे ठरत नाही, परंतु तपासण्यांचा आग्रह धरण्याला आधार मिळतो. तसेच संसर्ग दर वेळी त्याच जागी होतो की निरनिराळ्या जागी, हेही लिहावे. फुफ्फुसाच्या एकाच भागात पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होत असेल, तर श्वासनलिकेत अडकलेली वस्तू किंवा रचनेतील दोष शोधावा लागतो; नाक कायम बंद आणि कान वरचेवर भरलेले असतील तर वाढलेले ॲडिनॉइड (नाकामागची गाठ) किंवा ॲलर्जी, आणि प्रत्येक सर्दीबरोबर छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल तर दमा. या कारणांचा विचार आधी झालेला असणे मुलाच्या हिताचे असते.

कुटुंबाच्या इतिहासासाठी वहीचे वेगळे पान ठेवावे आणि ते भरताना दोन्हीकडच्या आजी-आजोबांना विचारावे, कारण लहानपणी दगावलेल्या मुलांविषयी पुढच्या पिढीला पुष्कळदा सांगितलेलेच नसते. आईकडच्या नात्यात लहान वयात संसर्गाने दगावलेले मुलगे आहेत का, हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ ऑग्डेन ब्रूटन यांनी १९५२ मध्ये ज्या आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे असलेले प्रथिन, नसल्याचे दाखवून दिले, त्याच्यासारखा विकार एक्स गुणसूत्रावरून आईकडून मुलग्यांकडे येतो, आणि आईला स्वतःला काहीही त्रास नसतो. आई-वडील एकमेकांचे नातेवाईक असतील तर तेही संकोच न करता सांगावे. बाळाची नाळ तीन-चार आठवडे उलटूनही गळली नव्हती का, हेही आठवून लिहावे; त्याचा संबंध पांढऱ्या पेशींच्या एका दुर्मीळ विकाराशी असू शकतो.

फाइलमध्ये वजन-उंचीचा तक्ता, लसीकरणाचे कार्ड, रुग्णालयातून सुटीच्या वेळी मिळालेली सर्व कागदपत्रे, एक्स-रेच्या फिल्म आणि कल्चरचे (नमुन्यातील जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचे) अहवाल तारखेच्या क्रमाने लावावेत. लसीकरणाबाबत एक प्रश्न आधीच विचारून ठेवावा: शंका असेपर्यंत जिवंत जंतूंच्या लसी द्याव्यात की थांबवाव्यात? बीसीजी, तोंडाने द्यायची पोलिओ लस, रोटाव्हायरस, गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या या लसी गंभीर प्रतिकारदोष असलेल्या बाळाला अपाय करू शकतात. परंतु हा निर्णय डॉक्टरांचा आहे, आणि केवळ भीतीने आपल्या मनाने सगळ्याच लसी थांबवणे हे ज्याला संसर्गापासून जपायचे त्याच्या दृष्टीने फार मोठे नुकसान ठरते. बीसीजीच्या जागी मोठी जखम किंवा काखेत गाठ झाली असेल तर तेही सांगावे.

औषधांची यादी करताना गेल्या काही महिन्यांत दिलेली स्टिरॉइड सिरपे आणि फिट येऊ नये म्हणून दिलेली औषधे वगळू नयेत, कारण त्यांमुळे पेशींची संख्या किंवा प्रतिपिंडांचे प्रमाण बदलू शकते. मुलाला रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे) दिलेले असेल तर त्याची तारीख ठळक लिहावी. दात्याकडून आलेली प्रतिपिंडे कित्येक आठवडे रक्तात राहतात आणि अहवालात ती मुलाची स्वतःची असल्यासारखी दिसतात.

रक्त देण्याचा दिवस ठरवताना घाई नसेल तर मूल बरे असतानाचा निवडावा, कारण तीव्र आजारात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी तात्पुरत्या घटू शकतात. डॉक्टरांनी तातडीचे म्हटले असेल तर मात्र तापातही थांबू नये. लॅबला आधी फोन करून काही गोष्टी विचाराव्यात. लिम्फोसाइटचे प्रकार मोजणाऱ्या फ्लो सायटोमेट्री तपासणीत पेशी जिवंत असाव्या लागतात, त्यामुळे नमुना साधारण एक-दोन दिवसांच्या आत मुख्य प्रयोगशाळेत पोहोचायला हवा. सुटीच्या आदल्या दिवशी दिलेला नमुना तसाच पडून राहिला तर मुलाला पुन्हा टोचावे लागते. गळवांची तक्रार असलेल्या मुलांसाठी जी डीएचआर तपासणी (पांढऱ्या पेशी जंतूंना मारू शकतात का हे पाहणारी) करतात, तिच्यासोबत निरोगी व्यक्तीचा नमुनाही मागितला जातो. तो कोणी द्यायचा आणि ती व्यक्ती नात्याबाहेरची हवी का, हे विचारून तिला त्या दिवशी बरोबर न्यावे. सर्व तपासण्या एकाच वेळच्या टोचण्यात बसवता येतील का, हेही विचारावे. या तपासण्यांसाठी साधारणपणे उपाशी ठेवावे लागत नाही, आणि पोट भरलेले, पुरेसे पाणी किंवा दूध प्यायलेले मूल शांत राहते, शिवाय शीरही लवकर सापडते.

टोचण्याच्या जागी लावायच्या बधिर करणाऱ्या मलमाविषयी आधीच विचारावे. ते सुमारे एक तास आधी लावावे लागते, त्यामुळे लॅबमध्ये पोहोचल्यावर आठवून उपयोग नसतो, आणि वयानुसार किती व कुठे लावायचे हे डॉक्टरांनीच सांगावे. मुलाला टेबलावर आडवे दाबून धरण्यापेक्षा आईच्या किंवा वडिलांच्या मांडीवर, छातीशी घट्ट धरून, एक हात मोकळा ठेवून बसवू द्यावे अशी विनंती करावी. सवयीचे पांघरूण किंवा खेळणे, आणि रक्त घेताना आवाजात बदल न करता बोलत राहणारे एक माणूस, एवढे बरोबर असले की पुष्कळ होते. ‘अजिबात दुखणार नाही’ असे मात्र सांगू नये. या मुलाला पुन्हा पुन्हा लॅबमध्ये यावे लागण्याची शक्यता असते, आणि त्या प्रत्येक वेळी त्याला आपल्या शब्दावर विश्वास ठेवता यायला हवा.

अहवाल हाती येईल त्या दिवशीची तयारी वेगळी असते, आणि ती आधी न केल्यामुळे आमच्या घरी एक रात्र फार वाईट गेली. आमच्या मुलाच्या पहिल्या अहवालात आयजीजीच्या (रक्तातील मुख्य प्रतिपिंडाच्या) आकड्यापुढे ‘कमी’ असे छापून आले होते, कारण त्या कागदावर छापलेली मर्यादा प्रौढांची होती. प्रौढांमध्ये आयजीजीची खालची मर्यादा सुमारे ७०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर धरतात, तर दोन वर्षांच्या मुलात ५०० हा आकडा अगदी योग्य असू शकतो. काही प्रयोगशाळा हेच प्रमाण ग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, तेव्हा तेथे ५ असे छापलेले दिसते. म्हणून एकक आधी पाहावे. आईकडून गर्भात मिळालेले आयजीजी जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ओसरते आणि मुलाचे स्वतःचे सावकाश तयार होते. काही मुलांत हा मधला काळ लांबतो आणि बहुतेकांत दोन ते चार वर्षांच्या वयापर्यंत भरून निघतो. आयजीए (प्रतिपिंडांचा आणखी एक प्रकार) तर आणखी सावकाश वाढते, त्यामुळे त्याच्या कमतरतेचे निदान चार वर्षांच्या आधी पक्के करत नाहीत. पेशींच्या बाबतीत वयाचा हिशेब उलटा होतो. लिम्फोसाइटची एकूण संख्या १५०० (प्रति मायक्रोलिटर) असणे प्रौढात सामान्य मानले जाते, पण वर्षाखालील बाळात ती ३००० च्या खाली आली तरी डॉक्टर ती गांभीर्याने घेतात, आणि ही संख्या छापलेली नसेल तर एकूण पांढऱ्या पेशींना लिम्फोसाइटच्या टक्केवारीने गुणून ती काढता येते. लसींना दिलेल्या प्रतिसादाच्या तपासणीत धनुर्वात, हिब किंवा न्यूमोकोकस (शेवटचे दोन मेंदूज्वर व न्यूमोनिया करणारे जंतू) यांविरुद्धची प्रतिपिंडे मोजतात; ती कमी आढळली तर लसीचा एक डोस देऊन चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा मोजतात, तेव्हा पहिला आकडा म्हणजे अंतिम निकाल नव्हे.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून न्यावेत, आणि ते मोजके असावेत: हे आकडे आमच्या मुलाच्या वयाच्या मर्यादेशी ताडले आहेत का, आजारांच्या वहीशी ते जुळतात का, पुन्हा तपासणी किती महिन्यांनी करायची, तोपर्यंत प्रतिबंधक अँटिबायोटिक लागेल का, आणि आता प्रतिकारशक्तीच्या तज्ज्ञांकडे जाणे आवश्यक आहे का.

अहवालाची वाट पाहण्याच्या आठवड्यांसाठी एक पान घराच्या भिंतीवर लावावे. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर कोणाला फोन करायचा, रात्री कोणत्या रुग्णालयात जायचे आणि ‘प्रतिकारशक्तीची तपासणी सुरू आहे’ हे तेथे पहिल्याच वाक्यात सांगायचे, हे त्यावर लिहावे. शांत असताना मिनिटभर मोजलेले श्वास एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक असणे, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, ओठ निळसर होणे, मूल जागे न होणे, दाबूनही न फिकटणारे पुरळ येणे किंवा कित्येक तास लघवी न होणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये.

घरातल्या सर्वांच्या लसी पूर्ण कराव्यात, फक्त भावंडाला तोंडाने पोलिओ लस देण्याआधी विचारावे. घरात धूम्रपान पूर्ण बंद असावे. उरलेले अँटिबायोटिक पुढच्या तापासाठी ठेवू नये, आणि प्रतिकारशक्ती वाढवण्याचा दावा करणारी टॉनिके डॉक्टरांना न सांगता सुरू करू नयेत. पुढच्या तपासणीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहावी, अहवालांच्या दोन प्रती काढून एक फाइलमध्ये आणि एक रात्रीच्या पिशवीत ठेवावी, आणि वहीतील नोंदी पूर्वीसारख्याच चालू ठेवाव्यात, अहवाल सामान्य आला तरी निदान पुढील सहा महिने.