दुबार, मयत, स्थलांतरित: आपल्या बूथची मतदार यादी स्वतः कशी तपासावी

२०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात सुमारे ९ कोटी ३० लाख मतदार होते. नोव्हेंबरात विधानसभेला ते ९ कोटी ७० लाखांवर गेले. मधल्या चाळीस लाखांवरून जे रण पेटलं, ते अजून थंडावलेलं नाही. पाच वर्षांत वाढले नाहीत एवढे मतदार पाच महिन्यांत कुठून आले, असं विरोधक विचारतात. आयोगाचं उत्तर असं की निव्वळ वाढ ४० लाख ८१ हजारांची आहे आणि त्यातले २६ लाखांवर मतदार १८ ते २९ वयाचे आहेत. १ नोव्हेंबर २०२५ ला मुंबईत विरोधकांचा 'सत्याचा मोर्चा'ही निघाला.

या आकड्यांवर टपरीवर चार चहा होतात, निकाल काही लागत नाही. राज्याची यादी म्हणजे लाखभर यादी भागांची बेरीज, आणि ती बेरीज घरबसल्या तुम्ही-आम्ही पडताळू शकत नाही. आपल्या बूथचा एक भाग मात्र पडताळता येतो. दोन रविवार, एक लाल पेन आणि चालायची तयारी एवढ्यावर काम होतं. आमच्या भागात आम्ही तिघांनी ते केलं. पहिल्या वेळी बऱ्याच चुका केल्या, त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हा लेख.

आधी यादी हातात घ्या

निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर 'मतदार यादी डाउनलोड' असा पर्याय आहे. तिथं राज्य, जिल्हा, विधानसभा मतदारसंघ, भाषा आणि शेवटी यादी भाग निवडायचा. भाग क्रमांक माहीत नसेल तर आधी ओळखपत्राचा क्रमांक टाकून स्वतःचं नाव शोधा. भाग क्रमांक आणि अनुक्रमांक दोन्ही तिथं दिसतात. इंटरनेट जमत नसेल तर १९५० वर फोन करा, नाहीतर तहसील कचेरीतली निवडणूक शाखा गाठा.

यादी पीडीएफ स्वरूपात मिळते, पण ती चित्राची असते. म्हणजे त्यात आडनाव टाकून शोधता येत नाही. शोधता येईल अशी यादी द्यावी म्हणून काँग्रेसचे कमलनाथ सर्वोच्च न्यायालयात गेले होते, २०१८ मध्ये ती मागणी फेटाळली गेली. मतदारांची खासगी माहिती कुणी घाऊक उपसू नये हा आयोगाचा मुद्दा मला पटतो. पण त्यापायी दुबार नावं शोधणाऱ्या साध्या माणसाचे डोळे फुटतात, हेही तितकंच खरं.

तेव्हा सरळ छापून घ्या. एका पानावर तीस चौकटी असतात. एका केंद्रावर जास्तीत जास्त १२०० मतदार ठेवायचे असं आयोगाने २०२५ मध्ये ठरवलंय, म्हणजे साधारण चाळीस पानं झाली. मराठी यादीच घ्या. इंग्रजी यादीत यंत्राने उलथंपालथं केलेली नावं वाचताना 'शेटे' कोण आणि 'शेट्ये' कोण ते कळत नाही.

यादी वाचायला शिका

आम्ही पहिल्यांदा चुकलो ते इथं. पहिल्या पानापासून नावं मोजत सुटलो आणि मधली आडवे शिक्के मारलेली नावंही धरली. वगळलेलं नाव लगेच छपाईतून जात नाही. चौकट तशीच राहते आणि तिच्यावर वगळल्याचा शिक्का येतो. सोबत कारणाचं इंग्रजी अक्षर असतं: मयताला ई, स्थलांतरिताला एस, दुबारला आर, सापडत नसलेल्याला एम आणि अपात्राला क्यू. मूळ यादीच्या मागे पुरवणी असते, नवी आणि वगळलेली नावं तिथं दिसतात. शेवटच्या पानावर गोषवारा असतो. तुमची मोजणी त्या गोषवाऱ्याशी जुळली की मगच पुढे जा.

प्रत्येक चौकटीत नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि कोपऱ्यात ओळखपत्राचा क्रमांक असतो. घर क्रमांक शून्य दिसला की लोक लगेच 'बोगस' म्हणून ओरडतात. खेड्यात, वस्तीवर, झोपडपट्टीत असंख्य घरांना क्रमांकच नसतो, तिथं शून्य किंवा नुसती रेघ पडते. शून्य हा पुरावा नव्हे. फार तर जाऊन बघायचं एक निमित्त.

घरी बसून खुणा करा

लाल पेनने चार खुणा ठरवा: मयत वाटणारे, गाव सोडून गेलेले, दुबार आणि एकाच पत्त्यावर गर्दी. ७ ऑगस्ट २०२५ ला राहुल गांधींनी बंगळुरूच्या महादेवपुरा मतदारसंघात १,००,२५० मतं बनावट असल्याचा आरोप केला, त्याचीही फोड अशीच होती. त्यात ११,९६५ दुबार, ४०,००९ खोटे किंवा न सापडणारे पत्ते आणि १०,४५२ एकाच पत्त्यावरची गर्दी होती. उरलेले दोन गट चुकीचे फोटो आणि नवमतदारांच्या अर्जाचा गैरवापर यांचे. आरोप मान्य करा वा नका करू, वर्गवारी कामाची आहे. पण कागदावर दिसणाऱ्या या खुणा आणि पडलेलं बोगस मत यांत मोठं अंतर आहे. ते अंतर गाळून कुणी बोलू लागलं की मी सावध होतो.

गर्दीचंच बघा. एका जुन्या वाड्याच्या क्रमांकावर चाळीस-पन्नास नावं निघतात. प्रत्यक्षात वाडा कधीच पाडलेला असतो. त्या जागी सात मजली इमारत उभी असते, काही भाडेकरू तिथंच फ्लॅटमध्ये परतलेले, काही उपनगरात गेलेले, आणि यादीत मात्र सगळे अजून वाड्यातच नांदत असतात. त्यातली निम्मी नावं खरी निघू शकतात.

दुबार नावांत मात्र खरा गुंता आहे, आणि तो आपल्या घरातूनच येतो. लेकीचं लग्न होतं, सासरी नवं नाव, नवं आडनाव, नवी नोंदणी. माहेरचं नाव वडिलांच्या नावासह तसंच राहतं. नाव बदलल्यामुळे संगणकाला ही जोडी लवकर सापडत नाही. फोटो आणि वय बघूनच ती पकडावी लागते. दुसरा प्रकार गाव आणि शहर असा. 'गावाकडं नाव ठेवलंय, सरपंचकीला लागतं' हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्यात काही गैर आहे असं बोलणाऱ्याला वाटतच नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० ची कलमं १७ आणि १८ सरळ सांगतात: दोन मतदारसंघांत नाव नको आणि एकाच मतदारसंघात दोनदाही नको. कलम २० प्रमाणे गावात घर आहे एवढ्यावर माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. तेच कलम असंही सांगतं की काही दिवस बाहेर गेल्याने रहिवास तुटत नाही. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या नावापुढे 'स्थलांतरित' लिहिण्याआधी हे आठवा.

उलटाही घोटाळा होतो. संतोष पाटील एका गावात पाच निघतात. वडिलांचं नाव, वय आणि फोटो तिन्ही जुळल्याशिवाय दुबार म्हणू नका. दोन राज्यांत एकच ओळखपत्र क्रमांक निघाल्याचा वाद मार्च २०२५ मध्ये गाजला होता. त्यात माणसं वेगवेगळी होती, जुन्या पद्धतीत दोन ठिकाणी एकच क्रमांक वाटला गेला होता.

मग दारं वाजवा

एकटे जाऊ नका. बीएलओला, म्हणजे आपल्या केंद्राच्या मतदार नोंदणीचं काम ज्या शिक्षिकेकडे किंवा अंगणवाडी सेविकेकडे असतं तिला, आधी फोन करा. जमल्यास दोन वेगळ्या पक्षांचे बूथ कार्यकर्ते सोबत घ्या. एकाच पक्षाची टोळी दिसली की लोक दार लावतात, आणि ते बरोबरच करतात.

विचारायचं कसं, हे मी बीएलओ बाईंकडून शिकलो. मी दारात उभा राहून "तुमच्याकडे पाच नावं आहेत, पाची जण राहतात का?" असं विचारायचो. समोरचा "हो" म्हणून मोकळा व्हायचा. बाईंनी दुसऱ्याच घरी मला मागे सारलं. "काकू, बसू का जरा? घरी कोण कोण असतं हल्ली?"

काकूंनी बोटं मोजली. "मी, थोरला, सूनबाई. धाकटा हिंजवडीला असतो, तिकडेच फ्लॅट घेतलाय. आणि हे तर गेले, दिवाळीआधी."

बाईंनी यादी उघडली तर यजमानांचं नाव होतंच, धाकट्याचंही होतं आणि चार वर्षांपूर्वी लग्न होऊन गेलेल्या लेकीचंही. काकू फोटोकडे बघत म्हणाल्या, "यांचं नाव काढायलाच हवं का?" त्यावर आम्ही तिघंही गप्प बसलो. पुढच्या आठवड्यात थोरल्याने मृत्यूच्या दाखल्याची प्रत स्वतः आणून दिली.

म्हणून यादी खिशात ठेवा, आधी माणसं मोजून घ्या आणि मग ताडून बघा. शेजाऱ्याच्या सांगण्यावर कुणाचं नाव वगळायला लागू नका. भाऊबंदकी यादीतही उतरते.

अर्ज कोणता, कुणी करायचा

नवं नाव असेल तर नमुना ६. पत्ता बदलला किंवा दुरुस्ती करायची असेल तर नमुना ८. हिंजवडीच्या धाकट्याने हाच भरायचा, म्हणजे जुन्या जागचं नाव हलतं. लोक इथं हमखास नमुना ६ भरतात आणि दुबार होऊन बसतात. परदेशी राहणाऱ्या, पण भारतीय नागरिकत्व न सोडलेल्या मराठी माणसासाठी नमुना ६-ए आहे. नागरिकत्वच सोडलं असेल, गोव्यात पोर्तुगीज पासपोर्टमुळे असं पुष्कळांचं झालंय, तर नाव यादीत राहू शकत नाही.

नाव वगळायला किंवा नावावर हरकत घ्यायला नमुना ७ लागतो. हा भरताना हात थोडा थरथरायला हवा. कर्नाटकात, सोलापूरच्या सीमेपलीकडल्या आळंद मतदारसंघात २०२३ च्या निवडणुकीआधी असे ६,०१८ अर्ज आले होते. पडताळणीत फक्त २४ खरे निघाले आणि प्रकरण पोलिसांत गेलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये उलटं घडलं. तिथं नाव घालण्याचे अर्ज ढिगाने आले, त्यातले ६,८०० हून अधिक बोगस ठरवून नाकारले गेले आणि गुन्हा नोंदवला गेला. यादी फुगवता येते तशी कातरताही येते, आणि दोन्ही कामं घाऊक अर्जांनीच होतात.

त्यामुळे स्वतः पाहिलेल्या, कागद हाती असलेल्या नावापुरताच नमुना ७ भरा. मयताचा शक्यतो घरच्यांनीच भरावा. हरकत सिद्ध करायची जबाबदारी हरकत घेणाऱ्यावर असते. यादीत असलेलं नाव खरं धरूनच चालायचं आणि वगळण्याआधी त्या माणसाला बाजू मांडू द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लालबाबू हुसेन खटल्यात सांगून ठेवलंय. खोटं निवेदन दिलं तर १९५० च्या त्याच कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

पाठपुरावा

अर्जाची पोच घ्या, ऑनलाइन भरला असेल तर संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. आलेल्या अर्जांच्या याद्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या कचेरीत लागतात. कोण कुणाचं नाव काढायला निघालंय ते तिथं कळतं, तेव्हा निवडणुकीआधीच्या महिन्यात तरी एक चक्कर माराच. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथंही पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

आयोग एक आकडा वारंवार पुढे करतो: जानेवारी २०२५ च्या यादीवर, पावणेदहा कोटी मतदारांत, पहिली अपिलं ८९ आणि दुसरं फक्त एक. यादी स्वच्छ असल्याचा हा दाखला मला पुरेसा वाटत नाही. हरकतच घेतली नाही तर अपील कशावर करणार? पण पक्षांनाही यातून सुटका नाही. प्रत्येक केंद्रावर त्यांना प्रतिनिधी नेमता येतो, तो चाळीस पानं वाचत बसत नाही.

महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदेची निवडणूक असेल तर राज्य निवडणूक आयोग हीच विधानसभेची यादी प्रभागांत फोडून वापरतो. २०२५ मध्ये त्या यादीत संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले गेले. मुंबईच्या प्रारूप यादीत अशा नोंदी अकरा लाखांच्या घरात होत्या. तुमच्या नावापुढे तारे असतील तर कुठल्या केंद्रावर मतदान करणार ते आधीच लिहून द्या, नाहीतर केंद्रावर हमीपत्र भरावं लागतं.

मतदानाच्या दिवशी

इतकं करूनही काही नावं राहतातच. त्यासाठी केंद्राध्यक्षाकडे गैरहजर, स्थलांतरित आणि मयतांची वेगळी यादी असते. तुम्ही कुणाचे मतदान प्रतिनिधी असाल तर तुमची खुणा केलेली यादी सोबत न्या. त्यातल्या नावावर कुणी आलं, तर त्याने सही करून शाई लावायच्या आत हरकत घ्या. नंतर बोंब मारून उपयोग नाही. तुमच्याच नावावर आधी कुणी मत देऊन गेलं असेल तर परत फिरू नका. ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका मागा, ती तुमच्या हक्काची आहे.

आक्षेपाला अनामत दोन रुपये रोख लागते. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतात आणि आक्षेप खोडसाळ ठरला तर ते दोन रुपये जप्त होतात. सकाळी खिशात सुटे ठेवा. आमच्या केंद्रावर दोनाचं नाणं शोधण्यात पाच मिनिटं गेली, आणि तेवढ्यात रांगेतला तो गृहस्थ निघूनही गेला होता.