जर्मनीत पीएच.डी.ला निघालेल्या आपल्या लेकरांसाठी

यंदा येळवशीला औशाला घरीच होतो. शेतात कोपीपुढं बसून भज्जी-आंबील चालू असताना आसपासची तिघं जणं भेटायला आली. एक लातूरचा, एक उदगीरची, एक नांदेडच्या एसजीजीएस या इंजिनिअरिंग कॉलेजातून बी.टेक. झालेला. तिघांनाही जर्मनीत कम्प्युटर सायन्सच्या पीएच.डी.साठी प्रवेश मिळालाय. पहिला प्रश्न तिघांचाही एकच: "दादा, तिकडं गाइड कसा भेटतो? चांगला भेटतो का?" मला तिथं जाऊन चौदा वर्षं झाली. त्या दिवशी आंबिलाच्या वाटीवर घाईघाईत जे सांगितलं, ते इथं नीट लिहितो.

आपल्याकडं पीएच.डी. म्हणजे गाइड. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत सल्लागार समिती आहे, कोर्सवर्क आहे, किमान 3 आणि कमाल 6 वर्षांची मुदत आहे. तरी कुणी विचारलं की आपण "अमुक सरांकडं करतोय" असंच सांगतो. जर्मनीतली जुनी रीतही हीच. तिथं गाइडला 'डोक्टरफाटर' म्हणतात, फाटर म्हणजे बाप. पोराचं बरं-वाईट त्या एका माणसावर. हे बदलावं म्हणून डीएफजी या संशोधनाला पैसा देणाऱ्या तिथल्या संस्थेनं 1990 मध्ये पीएच.डी.साठीची ग्रॅज्युएट कॉलेजं सुरू केली आणि 2000 च्या सुमारास मॅक्स प्लांक सोसायटी या संशोधन संस्थेनं विद्यापीठांसोबत आंतरराष्ट्रीय रिसर्च स्कूल काढली. कामकाज इंग्रजीत, मुलं देशोदेशीची. बाहेरून आलेल्या मुलाला भाषा येत नसते, ओळखपाळख नसते. त्याचा पगार, व्हिसा आणि थिसिस अशी तिन्ही दावी एकाच खुंटीला बांधली, तर ती खुंटी हलली की सगळंच गेलं. म्हणून खुंट्या तीन-चार केल्या. तुम्ही ज्याला 'स्ट्रक्चर्ड प्रोग्राम' म्हणून प्रवेश घेतलाय, त्यातलं स्ट्रक्चर म्हणजे एवढंच.

चांगल्या प्रोग्रामात प्रवेश एक प्राध्यापक देत नाही, समिती देते. काही ठिकाणी बी.टेक.नंतर थेट घेतात आणि पहिलं दीड-दोन वर्ष कोर्स आणि क्वालिफाइंग परीक्षेत जातं. व्हिएन्नाजवळच्या आयएसटी ऑस्ट्रियात तर आधी वेगवेगळ्या गटांत थोडे थोडे महिने काम करायचं आणि मग गाइड ठरवायचा. उदगीरच्या पोरीला हे ऐकून भीती वाटली, "कुणीच घेतलं नाही तर?" मला उलट वाटतं. सोयरीक जमवताना आपण चार घरं बघतो, मग चार-पाच वर्षं ज्याच्यासोबत काढायची तो माणूस न बघता का पत्करायचा?

पहिल्या काही महिन्यांत एक कागद पुढं येईल, मार्गदर्शनाचा करार. त्यात विषय, वेळापत्रक, किती दिवसांनी भेटायचं आणि समितीत दुसरा-तिसरा माणूस कोण, हे लिहिलेलं असतं. आपण असे कागद सही करून फायलीत टाकतो. तसं करू नका. समितीतला दुसरा माणूस आपल्या गाइडच्या गटाबाहेरचा, जमलं तर वेगळ्या उपविषयाचा मागून घ्या. का, ते माझ्यावर काय गुदरलं त्यावरून सांगतो.

मला एका जुन्या पेपरावर पुढचं काम करायला दिलं होतं. त्याचा कोड लिहिणारा मुलगा केव्हाच सोडून गेलेला. पेपरात छापलेली अचूकता मी नव्यानं लिहिलेल्या कोडानं काही केल्या येईना, दर वेळी चार-पाच टक्के कमीच. सीड बदलले, लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्या शोधून टाकल्या, रात्री रन लावून सकाळी धडधडत्या छातीनं स्क्रीन उघडायचो. दर सोमवारी सर विचारायचे, "कसं चाललंय?" मी म्हणायचो, "होऊन जाईल." आपल्याकडं याचा अर्थ "अडचण आहे, थोडं सांभाळून घ्या" असा असतो. तिथं त्याचा अर्थ "होऊन जाईल" असाच घेतात. असे पाच महिने गेले. चूक माझीच असणार, छापलेला आकडा कसा चुकेल, हेच डोक्यात बसलेलं.

वार्षिक आढाव्यात समितीतल्या दुसऱ्या बाईंनी साधा प्रश्न विचारला, "मूळचा आकडा तू स्वतः काढून पाहिलास का?" मग मात्र सगळं बाहेर पडलं. दुसऱ्याच आठवड्यात कारण सापडलं. जुन्या कोडात डेटाची सरासरी काढून तो एका मापात आणण्याचं काम मॉडेलला शिकवायचा (ट्रेनिंग) आणि तपासायचा (टेस्ट) डेटा वेगळा करायच्या आधी केलं होतं. परीक्षेचा पेपर आधीच थोडासा फुटलेला, मग मार्क वाढणारच. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "हे मला पहिल्या महिन्यात का सांगितलं नाहीस?" त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तीच चूक शोधण्याची पद्धत पुढं माझ्या थिसिसचं दुसरं प्रकरण झाली.

म्हणून दोन आठवडे अडलात की बोला. आणि भेट संपली की त्याच दिवशी चार ओळींची मेल टाका: काय ठरलं, काय अडलंय, पुढं काय. गाइडशी अगदीच बिनसलं, तर प्रोग्रामचा समन्वयक असतो आणि विद्यापीठात ओम्बुड्समन नावाचा तक्रार ऐकणारा माणूस असतो. त्याच्याकडं जाणं म्हणजे चुगली नव्हे. ती सोय तुमच्यासाठीच आहे.

आता पैशाचं. पत्रात नोकरीचा करार आहे की स्टायपेंड, हे आधी बघा. नोकरी असेल तर पगारातून आरोग्य विमा, पेन्शन आणि बेकारी विमा कापला जातो आणि त्याचं संरक्षणही मिळतं. स्टायपेंडमध्ये हातात येणारा आकडा मोठा दिसतो, पण विमा स्वतः भरायचा आणि पेन्शनमध्ये काही जमा होत नाही. नोकरीच्या करारात ई-13 ही पगाराची पायरी आणि पुढं 100, 75 किंवा 50 अशी टक्केवारी असते. 50 टक्क्यांचा करार म्हणजे अर्धा पगार, पण काम अर्धं असतंच असं नाही. मुदतही वाचा. तिथल्या कायद्यानं पीएच.डी.आधी मुदतीच्या करारावर साधारण 6 वर्षंच ठेवता येतं.

मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क या युरोपियन युनियनच्या योजनेतून जाणार असाल तर आधीचं वास्तव्य मोजा. भरतीच्या आधीच्या 36 महिन्यांत तुम्ही त्या देशात 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावे लागता. जर्मनीत दोन वर्षांचं एम.एस. केलेला आपला एक मुलगा याच अटीवर जर्मनीतल्या जागेसाठी अपात्र ठरला आणि मग त्याच नेटवर्कमधल्या दुसऱ्या देशातल्या जागेवर गेला.

उतरल्यावरची कामं बरीच आहेत, पण जीव जाईल असं त्यात एकच. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो देणार नसेल तर ते घर घेऊ नका. बँक खातं आणि टॅक्स नंबर पुढं त्यावरच अडतं. आणि घरात शिरल्या दिवशी पत्रपेटीवर स्वतःचं आडनाव चिकटवा. आपल्याकडं नाव आणि 'मु. पो.' लिहून गाव टाकलं की पोस्टमन घर शोधत यायचा. तिथं पत्त्यात फ्लॅटचा नंबर सहसा नसतो, पेटीवर नाव दिसलं नाही तर पत्र परत जातं. माझ्या रेसिडेन्स परमिटच्या भेटीचं पत्र असंच परत गेलं. नवी तारीख मिळेपर्यंत दोन महिने गेले आणि तेवढ्यात आजीच्या आजारपणात मला घरी येता आलं नाही. पेटीवरची ती पट्टी मी आजही कुणाच्याही घरी गेलो तरी आधी बघतो.

'सर' म्हणायची सवय हळूहळू सुटेल. कम्प्युटर सायन्सच्या गटांत बहुतेक प्राध्यापकांना नावानंच हाक मारतात. जारलँडमध्ये वाडर्नजवळ डागस्टुल नावाचं कम्प्युटर सायन्सचं केंद्र आहे, 1990 साली सुरू झालेलं. जगभरातले संशोधक आमंत्रणावरून तिथं आठवडाभर एकत्र राहतात. डीबीएलपी ही पेपरांची यादी सांभाळतात तीही तिथलीच मंडळी. तिथं जेवायला कुणाशेजारी बसायचं ते आपण ठरवत नाही, नावाच्या चिठ्ठ्या रोज बदलून मांडलेल्या असतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ज्यांचं पुस्तक बी.ई.ला वाचलं होतं ते शेजारी बसलेले, आणि त्यांनी पाण्याचा जग माझ्यापुढं सरकवत विचारलं, "तू कशावर काम करतोस?" दोन वाक्यांत सांगता यायला हवं. आरशापुढं उभं राहून पाठ करा, आधी मराठीत. मराठीत दोन वाक्यांत सांगता आलं नाही तर कळलेलंच नाही असं समजा.

पेपर परत येतील. आपल्या विषयात जर्नलपेक्षा कॉन्फरन्सला मान, आणि मोठ्या कॉन्फरन्सला चारातला एक घेतला तरी पुष्कळ. पहिल्यांदा परत आला की रडू येतं, येऊ द्या. आठवड्यानं रिव्ह्यू पुन्हा वाचा.

शेवटी डिफेन्स, म्हणजे थिसिसची तोंडी परीक्षा. तो झाला की गटातली मंडळी पुठ्ठ्याची काळी टोपी करून डोक्यावर घालतात, तुमच्या कामाच्या आठवणी तिच्यावर चिकटवलेल्या असतात. माझ्या टोपीवर ज्वारीचं एक कणीस होतं, कागदाचं, पण नीट बघून केलेलं. त्या रात्री मी घरी फोन केला आणि सकाळपर्यंत धाकट्या भावानं बसस्टँडवर 'डॉ.' लावून फ्लेक्स टांगला. त्याला काय माहीत, की थिसिस रीतसर प्रकाशित करून प्रती लायब्ररीत जमा केल्याशिवाय आणि प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय तिथं 'डॉक्टर' लावता येत नाही, लावलं तर गुन्हा होतो. फ्लेक्स इथला असला तरी त्याचे फोटो लगेच तिकडं फिरू लागले. भावाला उतरवायला सांगताना फार वाईट वाटलं. चार महिन्यांनी त्यानं तोच पुन्हा लावला. तुमच्या घरी हे आधीच सांगून ठेवा.