घरी बर्बरे कसा करावा: इथिओपियाचा लाल मसाला

दोरो वत हा कोंबडीचा रस्सा आणि मिसिर वत ही मसुराची आमटी. इथिओपियातल्या या दोन्ही पदार्थांचा रंग आणि तिखटपणा बर्बरेचा. तिथे घरोघरी तो किलोंनी होतो: मिरच्या ओल्या आल्या-लसणाबरोबर कुटून पुन्हा उन्हात वाळवतात, मग बाकीचे मसाले घालून दळतात. वाटीभरच करायचा तर सुंठ आणि लसूण पूड बरी. ओला लसूण नीट वाळला नाही तर बरणीत बुरशी येते.

साहित्य
देठ-बिया काढलेल्या सुक्या मिरच्या ६० ग्रॅम (४५ बेडगी, १५ गुंटूर), धने १ मोठा चमचा. मेथी, काळी मिरी, सुंठ, लसूण पूड आणि कोरारिमाचे दाणे प्रत्येकी १ छोटा चमचा. ओवा व कलौंजी अर्धा-अर्धा छोटा चमचा, लवंगा ६, दालचिनी १ इंच, मीठ २ छोटे चमचे.

कोरारिमा म्हणजे तिकडची वेलची. बर्बरेची ओळख तिच्यातच आहे. मिळाली नाही तर ४ हिरव्या वेलच्यांचे दाणे आणि एका मसाला वेलचीचे निम्मे दाणे घ्या. चव जवळपास जाते, तंतोतंत नाही.

कृती
१. मिरच्या मंद आचेवर २-३ मिनिटं परता. काळी पडलेली मिरची टाकून द्या, अशा एका मिरचीनेही मसाला कडवट होतो.
२. धने, मिरी, लवंगा, दालचिनी वास सुटेपर्यंत भाजा.
३. मेथी वेगळी भाजा. ती सोनेरी झाली की लगेच उतरवा; तपकिरी झाली तर कडू लागते. गॅस बंद करून त्याच गरम तव्यावर ओवा, कलौंजी आणि कोरारिमा हलवून घ्या.
४. सगळं पूर्ण गार झाल्यावरच दळा. कोमट असताना दळलं तर वाफेने गुठळ्या होतात. चाळून सुंठ, लसूण पूड, मीठ मिसळा.

घट्ट झाकणाच्या बरणीत, उजेडापासून लांब ठेवा. तीन महिन्यांत संपवलेला बरा, नंतर वास उतरतो.

वापरताना
अर्धा किलो कांदा अगदी बारीक चिरून तेलाशिवाय मंद आचेवर परता, लागायला लागला की पाण्याचा हबका मारा. कांदा मऊ होऊन त्याचा लगदा झाला की नितेर किब्बे (मसाले घालून कढवलेलं लोणी) किंवा तेल घाला, मग २ मोठे चमचे बर्बरे. तो पटकन करपतो, म्हणून थोडं पाणी घालत निदान दहा मिनिटं शिजवा. घाई केली तर रस्सा कच्च्या मिरचीसारखा लागतो. वरून भुरभुरवायला बर्बरे नको, त्यासाठी मितमिता हा जास्त तिखट मसाला वेगळा असतो.